गाडीत बसून गेलेली गाडी

भिवापूरच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, लढाईच्या काळात बांधलेली आणि नंतर सरकार विसरून गेलेली विमानांची एक धावपट्टी आहे. तिच्यावर दर हिवाळ्यात मोटारसायकलींची शर्यत होते, हे नागपुरात फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या महाल भागात मात्र ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आणि त्याचे कारण आमच्या गाडीची गेल्या वर्षीची फजिती. तेव्हा प्रवासाला निघण्यापूर्वी ती सांगून टाकते.

माझा थोरला भाऊ मधुकर महालात मोटारसायकली दुरुस्त करतो. गेल्या वर्षी त्याने आमची अडीचशे सीसीची गाडी घरापासून धावपट्टीपर्यंत स्वतः चालवत नेली. वाटेतल्या खड्ड्यांनी चाकांच्या तारा सैल केल्या, साखळी ताणली, आणि शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत ती साखळी तुटली. गाडी भिवापुरापर्यंत बैलगाडीतून परत आली. तेव्हापासून गल्लीतला जो तो दुरुस्तीला गाडी लावताना म्हणे, "मधुभाऊ, शर्यतीची नको करू गा, नुसती चालती कर." दादा हसून सोडून देई, पण जुनी दोन गिऱ्हाइके दुसरीकडे जाऊ लागली, तेव्हा त्याचे हसू कमी झाले.

मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. अपयशाचे कारण नशीब आहे, असे मानण्याची सवय मला नाही. मी कागद घेऊन बसले आणि तीन निष्कर्ष काढले. पहिला: यंत्र शर्यतीला ताजे पोचले पाहिजे, म्हणजे ते चालवत नव्हे, वाहून न्यावे. दुसरा: धावपट्टीचा सरळ भाग इतका आखूड आहे, की गाडीचा सर्वांत वरचा वेग तिथे कधीच गाठला जात नाही, म्हणून वरच्या वेगाचा त्याग करून वळणातून सुटतानाची उसळी वाढवावी, म्हणजे मागच्या चाकाला अधिक दात्यांचे चक्र बसवावे. ते चक्र आम्ही महालातल्याच एका खरादवाल्याकडून कापून घेतले. तिसरा निष्कर्ष सांगणे कठीण होते. सक्करदऱ्याच्या मोकळ्या मैदानावर आम्ही दोघांनी त्याच गाडीवर पंधरा-पंधरा फेऱ्या मारल्या होत्या आणि प्रत्येक फेरीची वेळ मी थांबत्या घड्याळाने नोंदली होती. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर आमची वजनेही केली होती. दादा चौऱ्याहत्तर किलो, मी सत्तेचाळीस.

दादाने तो कागद बराच वेळ पाहिला.

"सरासरी बरोबर काढली ना वं, शशी?"

"दोनदा काढली."

"मंग तूच बस."

एवढेच. आजवर मला मिळालेल्या कोणत्याही पारितोषिकापेक्षा हे तीन शब्द मी मोठे मानते. कारण दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या गल्लीला आपण होऊन सांगितले, की यंदा गाडीवर आपली बहीण बसणार. त्यानंतर मी हरले असते, तर हसू माझे झाले नसते. त्याचे झाले असते.

शुक्रवार, नागपूर ते उमरेड

गाडी वाहून नेण्याचा प्रश्न गुलाबरावांमुळे सुटला. गुलाबराव हे भिवापूरच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचे चालक. पन्नाशीचे, बुटके, कानावर सदैव विडी खोचलेले. त्यांचा पिकअप मिरचीची पोती घेऊन नागपूरला येतो आणि रिकामा परत जातो. दादाने मागे एकदा त्याचा गिअरबॉक्स भर पावसात रस्त्यावर बसून जुळवून दिला होता. ते उपकार गुलाबरावांच्या ध्यानात होते.

सकाळी सातला फळी लावून आम्ही गाडी हौद्यात चढवली. दोर कसे बांधायचे, याची आकृती मी आदल्या दिवशी काढून ठेवली होती: हँडलच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या कोपऱ्यांकडे दोन दोर, पुढचे शॉकअप अर्धे दाबलेले, मागून तिसरा दोर. बलांचा समतोल निर्दोष होता. गुलाबरावांनी आकृती उलटसुलट करून पाहिली.

"हे काय, पतंग हाय का?"

"दोर बांधायची रीत आहे, गुलाबराव."

"बरं. बांध तू. मी पायतो."

त्यांचे ते 'मी पायतो' मला त्या वेळी कौतुकाचे वाटले.

गाव सुटले, ज्वारीची शेते लागली. दादा आणि गुलाबराव यांच्यामध्ये मी बसले होते आणि दर मैलाला मागच्या काचेतून गाडीकडे पाहत होते. उमरेड येईपर्यंत ती डावीकडे झुकली होती. उमरेडला चहासाठी थांबलो तेव्हा ती एखाद्या पेंगणाऱ्या माणसासारखी हौद्याच्या कडेला टेकली होती. दोर सैल पडले होते. माझ्या आकृतीत दोर ताणल्यावर लांब होत नाहीत, असे गृहीत होते. काथ्याला ते कोणी कळवले नव्हते.

हॉटेलापुढच्या बाकावर चार-पाच जण बसले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने आमच्या हौद्याकडे पाहून विचारले, "काहून वं बाई, गाडी बिमार हाय का?"

"नाही आजोबा, ठणठणीत आहे."

"मंग तिले उचलून काहून नेऊन राहिले?"

"थकू नये म्हणून."

म्हाताऱ्याने मान वळवली. मग शेजाऱ्याला म्हणाला, "आइकलं का? गाडी थकते म्हणते. आपन सायकलीनं मकरधोकड्याले जातो न येतो, आपल्याले कोनी उचलून नेत नाई."

बाकावर एकच हशा पिकला. चहावाल्याने आतून सांगितले, की त्याचा साळा मिस्त्री आहे, लाजू नका, तासाभरात चालू करून देईल. दादाचे कान लाल झाले. वर्षभर ऐकलेल्या हसण्याचाच हा एक तुकडा होता.

गुलाबरावांनी चहाची बशी खाली ठेवली, हौद्यात चढले आणि माझे दोर न सोडता त्यांत एकेक हातभर लांबीचे दांडके घातले. कडब्याची गाडी भरल्यावर शेतकरी जसा दोराला पीळ देतो, तसा त्यांनी पीळ दिला आणि दांडक्याचे टोक दोरातच अडकवले. दोर सतारीच्या तारेसारखे झाले. "आता सैल पडला तर अजून एक येढा देऊ," ते म्हणाले. माझ्या आकृतीत ताण होता. तो टिकवण्याची आणि वाटेत वाढवण्याची सोय त्यांच्या दांडक्यात होती. मी वहीत तसे लिहून घेतले.

मग, आपल्या कामावर प्रसन्न होऊन, त्यांनी आणखी एक उपकार केला. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून हौद्यातला सगळा रिकामा बारदाना त्यांनी गाडीभोवती गुंडाळला. टाकी, इंजिन, सायलेन्सर, सारे पोत्यांत गडप झाले. पेट्रोल ओतायचे आमचे नरसाळेही त्यांनी जपून एका पोत्यात ठेवले. पुढचा रस्ता मी हौद्यातच बसून केला. माझे डोळे चुरचुरत होते. ते वाऱ्यामुळे, असे मी समजले. शास्त्राच्या विद्यार्थिनीकडून ही चूक व्हायला नको होती.

भिवापूर

जानेवारीत भिवापूर लाल असते. शेतांच्या कडेने, खळ्यांवर, जिथे मोकळी जागा आहे तिथे मिरच्या वाळत घातलेल्या. वळणावरून आम्ही खाली उतरलो, तेव्हा उन्हात तो रंग डोळ्यांना अक्षरशः ढकलत होता. मिरच्यांचे देठ खुडण्याच्या जागेला इथे सातरा म्हणतात. दीड-दोनशे बाया रांगांनी बसून दिवसभर देठ खुडतात. बोटे थांबत नाहीत आणि तोंडेही.

गुलाबरावांच्या वहिनी, पार्वताबाई, तिथेच काम करतात. रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडे होता. आमच्या महालात पाहुण्यापुढे पहिली पोळी येते आणि भात शेवटी, जणू शास्त्रापुरता. इथे ताटात आधी भाताचा डोंगर, त्याभोवती वांग्याची रस्सेदार भाजी, आणि डोंगराच्या पायथ्याशी गोळीएवढा ठेचा. मी तो सगळाच एका घासात उचलला.

"हळू वं बाई!" पार्वताबाई ओरडल्या, पण उशीर झाला होता. मला पाणी, गूळ आणि ताक या क्रमाने देण्यात आले. क्रम उलटा असायला हवा होता; तिखटपणा पाण्याने जात नाही. ते मी त्यांना सांगू शकले नाही, कारण मला बोलता येत नव्हते.

"अन् हे पोरगी परवा त्या बाप्यांसंग पळवते गाडी?" त्यांनी दादाला विचारले.

"पळवते ना."

"तुले भेव नाई लागत?"

दादाने भात कालवत उत्तर दिले, "लागते. पण तिच्यावाचून लागते तेवढं नाई लागत."

शनिवार, धावपट्टी

धावपट्टी प्रथम पाहिली तेव्हा मला ती फार आवडली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची पिवळी धसकटे, मधून सरळ निघालेला करडा काँक्रीटचा पट्टा, त्याच्या भेगांतून उगवलेले गवत. दोन टोकांना डांबराची रिकामी पिंपे मांडली होती. त्यांना वळसा घालून परत यायचे. पिंपांभोवती तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे. मी एका पिंपापासून दुसऱ्यापर्यंत पावले मोजली. दादाच्या वर्णनावरून केलेला माझा अंदाज आणि प्रत्यक्ष यांत तीस पावलांचा फरक निघाला, आणि तो माझ्या बाजूचा होता: पट्टी आणखी आखूड होती.

खरे म्हणजे या जागेवर शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मोटारसायकली ही गावच्या तरुणांनी अलीकडे घातलेली भर. त्यामुळे पंचही पटाचेच होते. मुख्य पंच उरकुडाजी, सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, हातात तांबडे निशाण. चिटणीस असलेल्या गुरुजींनी माझे नाव पाहून चष्मा पुसला आणि ही गोष्ट नियमात कशी बसेल, असे विचारले. उरकुडाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, अगदी बैल पाहतात तसे.

"वजन किती वं?"

"सत्तेचाळीस."

"मंग काय बिघडलं, गुरुजी? धुरकरी हलकाच पायजे."

धुरकरी म्हणजे पटात जोडी हाकणारा. माझा वजनाचा सिद्धान्त या माणसाला बैलांकडून आधीच समजलेला होता. गुरुजींनी नाव लिहून घेतले.

बारदाना सोडून आम्ही गाडी खाली उतरवली, नरसाळ्याने पेट्रोल भरले आणि मी किक मारली. दोन मिनिटांत सायलेन्सर तापला. त्याच्यावर, इंजिनच्या पात्यांत, सगळीकडे बसलेली मिरचीची भुकटी जळू लागली. वारा आमच्याकडून बाकीच्या गाड्यांकडे होता. प्रथम रायपूरचे दोघे शिंकले. मग चांद्याचा एक स्वार खोकत खोकत बांधीत उतरला. जबलपूरचा तिवारी, जो तीन वर्षे सलग जिंकला होता आणि ज्याच्या गाडीकडे सगळे आदराने पाहत, तो डोळ्यांना रुमाल लावून ओरडला, "अरे भैया, रेस करने आये हो या भूत उतारने?"

दादा खोकत होता, मी खोकत होते, गुरुजी निघून गेले होते. सातऱ्यातून शर्यत पाहायला आलेल्या बाया मात्र त्या धुरात निवांत उभ्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या. "इतक्यातच गेले का हे?" पार्वताबाई म्हणाल्या. "अन् हे मोठे शेरातले पैलवान!"

हसू तिथे संपले असते तर बरे झाले असते. दुपारी चाचणी फेऱ्या झाल्या, ज्यांच्या वेळेवरून उद्या कोण कुठल्या रांगेतून सुटणार ते ठरते. गाडी सुटली झकास. पहिल्या वळणातून तिने अशी उसळी घेतली, की माझे गणित माझ्याच मणक्यात जाणवले. आणि सरळ पट्टीच्या मध्यावर, पूर्ण वेगात, इंजिन मान टाकावी तसे बंद पडले. क्षणभर वाट पाहिली, पुन्हा चालू झाले. पुन्हा वेग दिला, पुन्हा बंद. अशी अडखळत मी फेरी पुरी केली. नऊ गाड्यांत नववी.

दादा हातातला पाना एका पोत्यावर ठेवत होता, उचलत होता, पुन्हा ठेवत होता. मागून कोणीतरी म्हणाले, "यंदा तरी पोचली ना बापा, तेवढंच घ्या."

मी मांडी घालून खाली बसले आणि वही उघडली. हळू चालवताना दोष नाही. पूर्ण वेगात आठ-दहा सेकंदांनी दोष. थांबल्यावर आपोआप बरे. ठिणगीचा दोष असा नियमाने वागत नाही. म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरमध्ये येते आहे, पण जितके खर्च होते तितके येत नाही. मी चहावाल्याकडून काचेचा पेला मागून आणला, पेट्रोलची नळी सोडून त्यात धरली आणि घड्याळ लावले. घरी हाच प्रयोग मी केला होता. अर्ध्या मिनिटात पेला भरून वाहिला होता. आता तो निम्माही भरला नाही.

"कॉक खोल, दादा."

टाकीखालची तोटी उघडली आणि तिच्या तोंडातून दादाने टाचणीने एक वस्तू काढली. तळहातावर ठेवली. पिवळे, चपटे, निरुपद्रवी असे मिरचीचे एक बी.

ते नरसाळ्यातून आले होते. पण ते अडकले माझ्यामुळे. त्या तोटीवर कारखान्यातून एक बारीक जाळी बसवून येते. प्रवाहाला तिचा अडथळा होतो म्हणून निघण्यापूर्वी ती मीच काढून टाकली होती, आणि तसे वहीत अभिमानाने लिहिले होते.

"चूक माझी आहे," मी म्हटले.

गुलाबरावांनी ते बी उचलून उजेडात धरले. "चूक कायची वं? भिवापुरी हाय. भल्याभल्यांच्या घशात अडकते, मंग गाडीची काय कथा!"

दादा पहिल्यांदा हसला. मग आम्ही टाकी उतरवली, तीनदा पेट्रोलने खळबळून धुतली, कार्बोरेटर उघडला, आणि पार्वताबाईंच्या धुतलेल्या लुगड्याच्या पदराचा तुकडा चौपदरी करून नरसाळ्याला बांधला. पदर त्यांनी आपण होऊन फाडून दिला. सूर्य मावळताना मी पुन्हा पेला धरला. तो अर्ध्या मिनिटात भरून माझ्या हातावर सांडला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि त्या रात्री मी ठेचा दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतकाच घेतला.

रविवार

शेवटच्या रांगेतून सुटण्याचा एक फायदा असतो: आपण कोणाकोणाला गाठायचे, ते सगळे डोळ्यांपुढे असते. दहा फेऱ्यांची शर्यत. दादाने माझ्या शिरस्त्राणाचा पट्टा स्वतः आवळला. "घाई नको करू. गणित आहे तुझं, तसंच चालव," एवढे म्हणून तो तणसाच्या भाऱ्यावर जाऊन उभा राहिला.

उरकुडाजींचे निशाण पडले. पहिल्या दोनशे पावलांत मी दोघांना मागे टाकले, कारण सुटतानाच आमच्या गाडीची उसळी सर्वांत मोठी होती. सरळ पट्टीच्या उत्तरार्धात मात्र इतर गाड्या माझ्यापुढे सरकत. ते मला अपेक्षित होते. तसे झाले नसते तरच मी घाबरले असते. प्रत्येक वळणाला मी एक-दोन जण मिळवायची आणि प्रत्येक सरळ पट्टीवर थोडेसे परत द्यायची. जमाखर्च माझ्या बाजूने उरत होता. चौथ्या फेरीला मी पाचवी होते. सहाव्या फेरीला रायपूरचे दोघे एकाच वळणात मागे पडले. सातव्या फेरीत सरळ पट्टीच्या मध्यावर, काल इंजिन ज्या भेगेवर बंद पडले होते ती भेग आली. माझा श्वास थांबला. इंजिनचा थांबला नाही.

आठव्या फेरीला पुढे फक्त तिवारी उरला. तो फार चांगला चालवतो, हे मागून पाहिल्यावर कळते. वळणात शिरताना तो एक क्षणही वाया घालवत नव्हता. पण सुटताना त्याच्या गाडीला सूर सापडायला वेळ लागे. माझे काम त्याच क्षणाचे होते. नवव्या फेरीत मी त्याच्या शेजारी आले, त्याने सरळ पट्टीवर मला पुन्हा मागे टाकले. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या पिंपाला मी मुद्दाम रुंद वळसा घेतला, त्यामुळे हात दोन हात गमावले. पण गाडी त्याच्याआधी सरळ झाली आणि मी मूठ पूर्ण पिळली. निशाणापर्यंतचे अंतर त्याच्या वरच्या वेगाला पुरेसे नव्हते. मी दीड गाडीच्या अंतराने पुढे होते.

थांबले तेव्हा प्रथम ऐकू आला तो बायांचा आरडाओरडा. मग दादा दिसला. तो धावत येत होता, आणि धावता धावता धसकटात एकदा पडला. येऊन त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. वाकून साखळी पाहिली, तारा चाचपल्या, तोटी चाचपली. सगळे जागच्या जागी असल्याची खात्री झाल्यावर मग तो उभा राहिला आणि माझ्या शिरस्त्राणाचा पट्टा त्याने स्वतः सोडला.

तिवारी आला, हातमोजा काढून त्याने दादाशी हात मिळवला, मग माझ्याशी. "बहनजी, कल धुएँ से मारा, आज गाड़ी से," तो म्हणाला. हसण्यात कडवटपणा नव्हता.

पटाच्या रिवाजाप्रमाणे जिंकल्यावर फेटा जोडीच्या मालकाला बांधतात, आणि धुरकऱ्याचे नाव भोंग्यावरून तीनदा पुकारतात. उरकुडाजींनी दादाला खाली बसवले आणि वर्षभर गल्लीत मान खाली घालून बसलेल्या त्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला. मग भोंगा हातात घेतला. गुरुजी कागद पुढे करत होते, पण त्यांनी तो पाहिला नाही. "धुरकरी शशिकलाबाई, महाल, नागपूर!" असे ते तीनदा गरजले. शेवटच्या खेपेला सातऱ्याच्या बायांनी त्यांच्यासोबत आवाज मिळवला.

त्यानंतर गावातून मिरवणूक. मालक पुढे पायी, मागे जोडी, असा क्रम ठरलेला. दादा फेटा सावरत, प्रत्येक दारापुढे थांबत, ओळख नसलेल्या माणसांनाही रामराम करत चालला होता. मागून मी त्याच्या चालीने गाडी हाकत होते. इतक्या संथ गतीचे गणित मी केलेच नव्हते. पहिल्या गिअरमध्येही ती पुढे झेप घेऊ पाहत होती. क्लच अर्धा दाबून धरावा लागत होता आणि माझा डावा हात मनगटापर्यंत बधिर झाला होता. बाया चाकांना कुंकू लावत होत्या. गाव लहान होते. आणखी थोडे मोठे असते, तरी त्या फेट्यामागे हात टिकला असता.